मुखचर्या, संगत आणि स्पर्श : एका अभ्यासाचा इतिहास

चेहरा हा मनाचा आरसा आहे, असे आपण सहज म्हणून जातो. शिक्षकाच्या पेशात तर या म्हणण्यावर रोजचा व्यवहार चालतो. धडा समजला की नाही, गृहपाठ स्वतः केला की दुसऱ्याचा उतरवून आणला, खोडी कोणी काढली, याचा निवाडा आपण पुष्कळदा मुलांच्या चेहऱ्यांवरून करतो, आणि तो बरोबरच असणार असे धरून चालतो. मीही तीस वर्षे तेच करीत आलो. परंतु आरशात पाहणाऱ्याला प्रथम स्वतःचेच रूप दिसते, ही साधी गोष्ट हा दृष्टांत वापरताना आपल्या ध्यानात राहत नाही. समोरच्याच्या चेहऱ्यावर जे उमटते त्यात त्याचे मन किती आणि तेथे आपण उभे आहोत याचा परिणाम किती, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. गेल्या दोनशे वर्षांत विद्वानांनी मुखचर्येचा जो अभ्यास केला, त्याचा इतिहास एका अर्थाने याच प्रश्नाचा इतिहास आहे. प्रारंभी त्यांनी संगत आणि स्पर्श यांना अभ्यासाच्या खोलीबाहेर ठेवले, आणि पुढे त्यांनाच सन्मानाने आत बोलवावे लागले. हे कसे घडले ते प्रस्तुत लेखात थोडक्यात पाहावयाचे आहे. या इतिहासातील एक लहानसा प्रसंग आपल्याच मुलखात घडलेला असल्यामुळे मराठी वाचकाला त्यात विशेष आस्था वाटेल, अशी आशा आहे.

१

युरोपात या विषयाच्या शास्त्रीय अभ्यासाला एकोणिसाव्या शतकात जोर चढला. स्कॉटलंडमध्ये जन्मलेला शरीरशास्त्रज्ञ चार्ल्स बेल याने १८०६ साली चित्रकारांना उपयोगी पडतील असे भावदर्शनाच्या शरीररचनेवरील निबंध प्रसिद्ध केले. मनुष्याच्या चेहऱ्यातील काही स्नायू विधात्याने केवळ भाव प्रकट करण्यासाठीच योजले आहेत, अशी बेलची श्रद्धा होती. त्यानंतर १८६२ मध्ये द्युशेन या फ्रेंच वैद्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. चेहऱ्याच्या एकेका स्नायूवर विजेची टोके टेकवून तो स्नायू आकुंचित करावयाचा आणि उमटलेल्या मुद्रेचे छायाचित्र घ्यावयाचे, अशी त्याची पद्धत होती. त्याचा मुख्य प्रयोगविषय झालेल्या वृद्धाच्या चेहऱ्याची संवेदनाच गेलेली होती, म्हणून विजेचा त्रास त्याला जाणवत नसे. केवळ गालाचा स्नायू ओढला तर ओठ हसतात, पण ते हसू खोटे दिसते. डोळ्यांभोवतीचा स्नायूही आकुंचित झाला तरच ते खऱ्या आनंदाचे वाटते, हा द्युशेनचा शोध. अशा हास्याला शास्त्रात आजही त्याच्याच नावाने ओळखतात. तथापि या प्रयोगाचे स्वरूप थोडे न्याहाळून पाहावे. खोलीत आनंद वाटून घेण्यास कोणी नाही, आनंदाचे काही कारणही नाही. चेहऱ्याला होणारा स्पर्श धातूच्या टोकांचा आहे, आणि तोही त्या वृद्धाला कळत नाही. संगत आणि स्पर्श दोन्ही वगळून चेहऱ्याचे यंत्र कसे चालते ते पाहण्याचा हा प्रयत्न होता. यंत्र म्हणून ते त्याला उत्तम समजले, यात शंका नाही.

द्युशेनच्या छायाचित्रांचा उपयोग ज्याने सर्वांत अधिक केला तो चार्ल्स डार्विन. मनुष्य व प्राणी यांच्या भावाविष्कारावरील त्याचा ग्रंथ १८७२ मध्ये निघाला. मुखचर्या ही देवाने मनुष्याला दिलेली खास देणगी असल्याचे बेलचे मत डार्विनला मान्य नव्हते. ती प्राण्यांपासून वारशाने आलेली असेल, तर जगातील सर्व मानववंशांत ती सारखीच आढळली पाहिजे, असा त्याचा तर्क होता. तो पडताळून पाहण्यासाठी त्याने सोळा प्रश्नांची एक यादी तयार केली आणि १८६७ च्या सुमारास ती पृथ्वीच्या नाना भागांत राहणारे मिशनरी, अधिकारी व वसाहतवाले यांच्याकडे पाठविली. आश्चर्य वाटले म्हणजे डोळे व तोंड विस्फारतात काय, भुवया वर जातात काय, लाजेने मुख आरक्त होते काय, अशा स्वरूपाचे ते प्रश्न होते. ज्या लोकांचा युरोपियनांशी फारसा संबंध आलेला नाही अशांचे निरीक्षण अधिक मोलाचे, अशी सूचनाही त्याने दिली होती. त्याला छत्तीस उत्तरे आली. पोस्टाने प्रश्न धाडून साऱ्या मानवजातीची एका गोष्टीबाबत तपासणी करण्याचा असा प्रयत्न त्या काळी अपूर्वच म्हणावा लागेल.

२

या छत्तीस उत्तरांत एक उत्तर अहमदनगर जिल्ह्यातून, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातून, गेलेले होते. मुंबई इलाख्यातील त्या जिल्ह्यात राहत असलेले एच. अर्स्किन यांनी तेथील रहिवाशांच्या मुखचर्येकडे लक्ष पुरविले, परंतु खात्रीलायक निष्कर्षाला येणे त्यांना फार कठीण गेले. युरोपियनांसमोर आपले सर्व भाव झाकून ठेवण्याची या लोकांना सवयच आहे, असे त्याचे कारण डार्विनने ग्रंथाच्या प्रस्तावनेत नमूद केले आहे. अर्स्किन यांनी कानडा जिल्ह्याचे न्यायाधीश वेस्ट यांच्याकडूनही माहिती मिळविली, आणि काही मुद्द्यांवर बुद्धिमान एतद्देशीय गृहस्थांचा सल्ला घेतला, असेही तेथे म्हटले आहे.

हे वाक्य मी प्रथम वाचले तेव्हा मला हसू आले आणि मागोमाग वाईटही वाटले. १८५७ चा उठाव होऊन जेमतेम दहा वर्षे लोटली होती. गोऱ्या साहेबासमोर उभ्या राहिलेल्या नगरकडच्या कुणब्याने, पाटलाने अथवा कारकुनाने आपला राग किंवा तिरस्कार भुवयांवाटे का दाखवावा? साहेब पाहत आहे एवढ्यानेच जे पाहावयाचे होते ते नाहीसे झाले. अर्स्किन यांनी प्रामाणिकपणे ही अडचण कळविली आणि डार्विनने तितक्याच प्रामाणिकपणे ती छापली, याबद्दल दोघांचेही आभार मानले पाहिजेत. परंतु दोघांनीही तिच्याकडे अडचण म्हणूनच पाहिले. त्यांच्या हाती आलेला सर्वांत महत्त्वाचा शोध कदाचित हाच होता, हे त्यांच्या लक्षात आले नाही.

त्याच ग्रंथातील दुसरा प्रसंग कलकत्त्याचा आहे. तेथील वनस्पतिउद्यानाचे अधिकारी जे. स्कॉट यांनी डार्विनला पुष्कळ बारकाईची माहिती पुरविली. उद्यानातील एका माळ्याची अगदी तरुण पत्नी आपल्या मरणोन्मुख मुलाला घेऊन बसली होती. डार्विनने तिला नागपूरकडील धांगर म्हटले आहे. कलकत्त्यात छोटा नागपूरच्या मजुरांना हे नाव असे, हे लक्षात घेता आपला धनगर समाज येथे अभिप्रेत नसावा. स्कॉट झाडांच्या आडोशाला उभे राहून, तिला न दिसता, बराच वेळ तिचा चेहरा पाहत होते. भुवयांची आतली टोके वर गेलेली, कपाळाच्या मध्यावर आठ्या, पापण्या जड, तोंड किंचित उघडे आणि ओठांचे कोपरे खाली ओढलेले, असे दुःखाचे शांत चित्र त्यांनी टिपून घेतले. मग ते आडोशातून बाहेर आले आणि तिच्याशी बोलले. ती दचकली, ओक्साबोक्शी रडू लागली आणि आपल्या मुलाला बरे करा म्हणून त्यांची विनवणी करू लागली.

डार्विनला या प्रसंगातील पहिला भाग उपयोगी वाटला, कारण पाहणारा दिसत नसतानाचे दुःख त्यात सापडले होते. पण येथे पाहणाऱ्यापाशी दोन चेहरे होते. दुःख तेच, आई तीच, मूल तेच. दुसरे माणूस समोर आले एवढ्याने मूक चर्येचा बांध फुटला. यांतील खरा चेहरा कोणता, असे विचारले तर काय उत्तर द्यावे? दोन्ही खरेच. एक आपल्याशीच असलेल्या दुःखाचा, दुसरा कोणापाशी तरी मांडलेल्या दुःखाचा.

डार्विनचे निरीक्षण इतके सूक्ष्म होते की त्याच्या ग्रंथात अशा गोष्टी जागोजागी विखुरल्या आहेत. लहानशी इजा झालेल्या मुलाची कीव केली की ते किती लवकर रडू लागते, हे सर्वांच्या पाहण्यात असेल, असे तो लिहितो. लाजून लाल होण्यावर त्याने एक स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे, आणि इतर लोक आपल्याविषयी काय म्हणत असतील या विचारात त्याचे मूळ असल्याचे दाखविले आहे. स्पर्शासंबंधीही त्याने एक मार्मिक गोष्ट सांगितली आहे. मुलाला स्वतःला गुदगुल्या करता येत नाहीत, आणि अनोळखी माणसाने केल्या तर लहान मूल हसण्याऐवजी भीतीने किंकाळी फोडील. म्हणजे बोटे तशीच, जागा तीच, पण हात कोणाचा यावर हसू येणार की रडू हे ठरते. ही सारी निरीक्षणे एका सूत्रात गोवली असती तर पुढच्या शंभर वर्षांचा प्रवास कदाचित लवकर झाला असता. परंतु डार्विनचे लक्ष मानवजातीच्या एकत्वाकडे आणि प्राण्यांशी असलेल्या तिच्या नात्याकडे लागले होते, आणि ते कार्य काही लहान नव्हते.

३

भाव झाकणे ही अर्स्किन यांना अडचण वाटली. आपल्या नाट्यशास्त्राने तिला भावांच्या पंक्तीत बसविले आहे. भरताने सांगितलेल्या तेहतीस व्यभिचारी भावांत अवहित्थ नावाचा एक भाव आहे. मनातील विकार बाहेरच्या आकारावर दिसू न देणे हे त्याचे स्वरूप. लज्जा, भय, पराजय, वडीलधाऱ्यांविषयीचा आदर, कुटिलपणा अशी त्याची कारणे सांगितली आहेत. ही यादी लक्षपूर्वक पाहिली तर त्यातील प्रत्येक कारणात दुसरे कोणीतरी गृहीत आहे, असे आढळेल. निर्जन अरण्यात अवहित्थाला वाव नाही. हास्याचेही आत्मस्थ आणि परस्थ असे दोन भेद भरताने केले आहेत. मनुष्य स्वतः हसतो ते आत्मस्थ आणि दुसऱ्याला हसवितो ते परस्थ. स्मितापासून अतिहसितापर्यंत हास्याचे जे सहा प्रकार त्याने सांगितले, तेही उत्तम, मध्यम व अधम अशा माणसांच्या प्रतीनुसार वाटून दिले आहेत. कोणी किती हसावे हे जेथे ठरलेले असते, तेथे हसू एकट्याचे राहत नाही.

स्पर्शाचाही विचार या ग्रंथात आहे. आठ सात्त्विक भावांपैकी रोमांच कशाने उत्पन्न होतो हे सांगताना भीती, थंडी, हर्ष यांच्याबरोबर स्पर्शाचा उल्लेख येतो. तसेच नटाने स्पर्शाचा अनुभव कसा दाखवावा याविषयी मार्गदर्शन केले आहे. डोळे किंचित मिटावे, भुवया उचलाव्या आणि खांदा गालाला लावावा. कोणी प्रेमाने पाठीवरून हात फिरविला असता लहान मूल मान वाकडी करून नेमके हेच करते, हे घरोघरी पाहावयास मिळते.

तरी येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. आधुनिक शास्त्राने जे शोधले ते सर्व आपल्या पूर्वजांना ठाऊकच होते, असा अभिमानाचा सूर लावण्याचा मोह अशा वेळी होतो. भरत प्रयोगशाळा चालवीत नव्हता आणि कोणत्या भावाचे कारण काय याचा पडताळाही घेत नव्हता. तो नटांसाठी लिहीत होता. त्याला संगतीचा विसर पडला नाही याचे कारण त्याच्या व्यवसायातच होते. रंगभूमीवर चेहरा नेहमीच दोघांच्या मध्ये असतो. समोर दुसरे पात्र असते आणि त्यापलीकडे प्रेक्षक असतो. प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञाला खोली रिकामी करता येते. नटाला ते शक्य नाही. प्रत्येक अभ्यासक आपल्या बसण्याच्या जागेवरून पाहतो, एवढेच यातून घ्यावयाचे.

४

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन आणि त्यांचे सहकारी वॉलेस फ्रीझन यांनी १९६७-६८ च्या सुमारास न्यू गिनीतील फोरे लोकांत जाऊन संशोधन केले. बाहेरच्या जगाशी अल्पसा संबंध आलेल्या त्या लोकांनाही आनंद, दुःख, क्रोध, किळस यांचे चेहरे ओळखता येतात, असा निर्वाळा त्यांनी दिला आणि डार्विनचा पक्ष बळकट केला. मग देशोदेशींचे चेहरे वेगळे का भासतात? यावर त्यांचे उत्तर असे की, मूळ मुद्रा सर्वत्र एकच असते. पण ती कोणासमोर दाखवावी, कोणासमोर लपवावी, याचे नियम समाजागणिक बदलतात. फ्रीझन यांचा १९७२ चा प्रयोग या संदर्भात प्रसिद्ध आहे. अमेरिकन आणि जपानी विद्यार्थ्यांना अप्रिय दृश्यांचे चित्रपट दाखविण्यात आले. एकटे असताना दोघांच्या चेहऱ्यांवर सारखीच किळस उमटली. संशोधक जवळ येऊन बसताच जपानी विद्यार्थी ती किळस स्मिताखाली झाकू लागले. अर्स्किन यांच्या अहमदनगरच्या पत्राला मिळालेले हे जणू शंभर वर्षांनंतरचे उत्तर होते.

या मांडणीत मात्र एक गोष्ट जशीच्या तशी राहिली. एकट्याचा चेहरा खरा आणि चारचौघांतला चेहरा त्याच्यावर चढविलेले आवरण, ही ती समजूत. तिला पहिला ठळक धक्का बसला तो एका खेळाच्या जागी. लांब लाकडी पट्टीवरून जड चेंडू घरंगळत सोडावयाचा आणि टोकाशी उभे केलेले खुंट पाडावयाचे, असा बोलिंग नावाचा खेळ अमेरिकेत लोकप्रिय आहे. रॉबर्ट क्राउट आणि रॉबर्ट जॉन्स्टन यांनी १९७९ मध्ये या खेळाडूंचे निरीक्षण प्रसिद्ध केले. त्यांनी चेहरे दोन्ही बाजूंनी पाहिले. सर्व खुंट पाडल्याचा आनंद ज्या क्षणी व्हावयाचा त्या क्षणी, म्हणजे तोंड खुंटांकडे असताना, खेळाडू शंभरांतून चारच वेळा हसलेले आढळले. वळून मित्रांकडे तोंड झाल्यावर हेच प्रमाण बेचाळीसपर्यंत गेले. मनातील आनंद त्या दोन-तीन पावलांत दहापट वाढला, असे कोण म्हणेल? वाढली होती ती संगत.

ॲलन फ्रिडलंड यांनी १९९१ मध्ये हाच विचार आणखी पुढे नेला. त्यांनी लोकांना एक सुखद चित्रफीत दाखविली आणि गालाच्या स्नायूतील सूक्ष्म विद्युत्‌बदल उपकरणाने टिपले. काहींनी ती अगदी एकट्याने पाहिली. काहींचा मित्र दुसऱ्या खोलीत भलतेच काम करीत होता. काहींना, आपला मित्र दुसऱ्या खोलीत हीच चित्रफीत पाहत आहे, असे सांगण्यात आले. काहींच्या शेजारी मित्र प्रत्यक्ष बसला होता. आनंद किती झाला असे विचारल्यावर सर्वांची उत्तरे जवळजवळ सारखी आली. हसू मात्र संगतीच्या पायरीप्रमाणे वाढत गेले. त्यातही विशेष हे की, मित्र भिंतीपलीकडे तेच पाहत आहे या नुसत्या कल्पनेनेही ते वाढले. म्हणजे मनुष्य एकटा बसला तरी तो खरोखर एकटा नसतो. मनात कोणीतरी प्रेक्षक असतोच. तेव्हा द्युशेनची रिकामी खोली कधी रिकामी होती काय, असाच प्रश्न यातून निघतो.

याच काळातील आणखी दोन निरीक्षणे सांगण्याजोगी आहेत. रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी १९८९ मध्ये विद्यार्थ्यांच्या दैनंदिन नोंदींवरून असे दाखविले की, मनुष्य एकट्यापेक्षा संगतीत सुमारे तीसपट अधिक वेळा हसतो. स्पेनमधील फर्नांडिस-डोल्स आणि रुइझ-बेल्डा यांनी १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमधील बावीस सुवर्णपदक विजेत्यांच्या चित्रफितींचा अभ्यास करून १९९५ मध्ये तो प्रसिद्ध केला. आयुष्यातील परमोच्च क्षणीही हे विजेते मुख्यतः हसले ते पदक स्वीकारताना, अधिकाऱ्यांशी व प्रेक्षकांशी संबंध आला तेव्हा. व्यासपीठाबाहेर थांबलेले असताना किंवा ध्वजाकडे तोंड करून राष्ट्रगीत ऐकताना ते क्वचितच हसले. आनंद तर तिन्ही वेळा होता.

यावरून चेहरा म्हणजे केवळ इतरांसाठी लावलेली पाटी, असा टोकाचा निष्कर्षही काढता येणार नाही. ॲम्स्टरडॅम येथे याकोब्स, मॅनस्टेड व फिशर यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, दुःखद चित्रपट पाहताना लोकांच्या चेहऱ्यावरील दुःख एकटे असताना अधिक दिसले आणि संगतीत कमी झाले. संगत हसू वाढविते, दुःख पुष्कळदा आवरून धरावयास लावते. आणि कलकत्त्याच्या त्या आईप्रमाणे, मदतीची आशा दिसली की आवरलेले सारे एकदम सोडून देते. संगतीचा परिणाम एकाच दिशेने होत नाही. समोर कोण आहे आणि त्याच्याकडून काय मिळावयाचे आहे, यावर तो अवलंबून असतो.

५

आता स्पर्शाकडे वळू.  हॅरी हार्लो यांचे माकडांच्या पिलांवरील प्रयोग १९५८ च्या सुमारास गाजले. दूध देणारी तारेची आई आणि मऊ कापडाची आई यांतून पिलू कापडाच्या आईलाच बिलगून राही, आणि अनोळखी जागेत भ्यालेले पिलू तिला कवटाळल्यावर शांत होई. पोट भरण्याइतकीच, किंबहुना अधिक, ओढ स्पर्शाची असते, हे यावरून शास्त्राला मान्य करावे लागले. आपल्या घरांतील आजीला हे प्रयोगाविना ठाऊक होते; पण ठाऊक असणे आणि सिद्ध होणे यांत अंतर आहे.

मानवी अर्भकाच्या चेहऱ्यावर स्पर्शाचा काय परिणाम होतो, हे दाखविणारे प्रयोग मला या साऱ्या इतिहासात सर्वांत हृद्य वाटतात. एडवर्ड ट्रॉनिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. आई आपल्या तान्ह्याशी हसत-बोलत असते आणि मध्येच काही वेळ चेहरा निश्चल करून त्याच्याकडे नुसती पाहत राहते. मूल प्रथम हसून, आवाज काढून तिला परत आणण्याचा प्रयत्न करते. मग त्याचा चेहरा उतरतो, ते मान फिरविते, काही वेळा रडू लागते. आई समोरच असते, पण संगत नाहीशी झालेली असते. पुढे १९९० व १९९२ मध्ये कॅनडातील डेल स्टॅक व डार्विन म्युर यांनी या प्रयोगात एकच बदल केला. आईने चेहरा तसाच निश्चल ठेवावयाचा, परंतु हाताने मुलाला कुरवाळण्याची मोकळीक ठेवावयाची. स्पर्श मिळालेली मुले अधिक हसली आणि त्यांनी तोंडे कमी वेंगाडली. आईचा चेहरा गप्प असताना तिच्या हातांनी तिचे काम केले.

यामागील शरीरव्यापारही हळूहळू उलगडला. हळुवार स्पर्शाला प्रतिसाद देणारे अतिशय मंदगती असे मज्जातंतू मनुष्याच्या त्वचेत आहेत, हे स्वीडिश संशोधकांनी दाखवून दिले; नॉर्डिन यांनी १९९० मध्ये ते कपाळाच्या मज्जातंतूत नोंदविले. गोथेनबर्गच्या संशोधकांनी २००९ मध्ये असे दाखविले की, सेकंदाला एक ते दहा सेंटिमीटर इतक्या वेगाने त्वचेवरून हात फिरविला तर हे तंतू सर्वाधिक जागे होतात, आणि नेमका तोच वेग माणसाला सर्वांत सुखद वाटतो. मूल झोपविताना त्याच्या कपाळावरून हात फिरतो तो साधारण याच गतीने. २०१७ व २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत अशा संथ स्पर्शाने गालाचा हसरा स्नायू किंचित हलतो आणि सुखद स्पर्शाने भुवया आक्रसणाऱ्या स्नायूचा ताण उतरतो, असेही दिसून आले. बदल इतका सूक्ष्म की नुसत्या डोळ्यांना दिसणे कठीण. पण चेहरा स्पर्शाला उत्तर देतो, एवढे त्यातून निश्चित झाले.

मात्र हात कोणाचा, हा डार्विनने सुचविलेला प्रश्न येथेही सुटत नाही. जेम्स कोन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये सोळा विवाहित स्त्रियांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. विजेचा धक्का बसेल अशी सूचना मिळाल्यावर त्यांच्या मेंदूत काय घडते ते यंत्राने पाहण्यात आले. कोणाचाही हात हातात नसताना धास्तीच्या खुणा सर्वांत अधिक, परक्याचा हात असताना काहीशा कमी आणि पतीचा हात असताना सर्वांत कमी होत्या. त्यातही ज्यांचा संसार सुखाचा होता त्यांच्या बाबतीत हा परिणाम अधिक दिसला. या प्रयोगात चेहऱ्याचे नव्हे तर मेंदूचे मापन होते, हे खरे. तथापि स्पर्शाचा गुण त्वचेत कमी आणि नात्यात अधिक असतो, हे सांगावयास तो पुरेसा आहे.

६

हा इतिहास मी का उगाळत बसलो, हे सांगितले पाहिजे. काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेत प्रयोगशाळेतील काचेचे सामान फुटले आणि आठवीतल्या एका मुलावर आळ आला. मी त्याला कार्यालयात बोलावले. तो टेबलासमोर उभा राहिला. मी आवाज चढविला तशी त्याच्या ओठांवर बारीक हसू आले. मला ते उद्धटपणाचे वाटले. केल्याची लाज नाही, उलट हसतोस, असे म्हणून मी त्याला वडिलांना घेऊन येण्यास फर्माविले. दुसऱ्या दिवशी सकाळी आमचे शिपाईमामा कुलपांच्या किल्ल्या ठेवावयास आले आणि जरा घुटमळले. म्हणाले, "सर, रागावू नका, पण ते पोर हसत नव्हतं. काल शाळा सुटल्यावर पाण्याच्या टाकीमागं बसलं होतं. मी नुसता खांद्यावर हात ठेवला, तर असं रडलं की माझा सदरा भिजला." पुढे चौकशीत सामान भलत्याच कारणाने फुटल्याचे निष्पन्न झाले. मी मुलाची क्षमा मागितली. त्याने तीही त्याच बारीक हसण्याने स्वीकारली.

भय आणि आदर ही अवहित्थाची कारणे म्हणून बी. ए. च्या वर्गात मी पाठ केली होती. परंतु ती माझ्याच टेबलासमोर उभी राहिली तेव्हा मी त्यांना ओळखले नाही. मुलाचा चेहरा मी वाचला, पण त्या चेहऱ्यावर माझी खुर्ची, माझा आवाज आणि माझा अधिकार यांनी काय लिहिले होते ते वगळून वाचले. शिपाईमामांना तोच मुलगा अधिक कळला. त्यांचे ज्ञान अधिक होते असे नाही. त्यांच्यासमोर त्या मुलाला काही लपविण्याचे कारण नव्हते, आणि खांद्यावरचा तो हात त्याच्या ओळखीचा होता.

तेव्हापासून मी एवढेच करतो. कोणत्याही मुलाला एकट्याने टेबलासमोर उभे करून निवाडा करीत नाही. त्याच्या विश्वासातील शिक्षक किंवा मित्र बरोबर असू देतो, स्वतः खुर्ची सोडून शेजारी बसतो, आणि पहिल्या चेहऱ्यावरून काहीही ठरवीत नाही. स्पर्शाच्या बाबतीत मात्र सरसकट नियम करता येत नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेतील शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांवर बंदी आली, आणि २०१२ च्या कायद्याने लैंगिक अत्याचारापासून मुलांना संरक्षण दिले. या दोन्ही गोष्टी आवश्यकच होत्या. छडीचाही स्पर्शच असतो, हे आमची पिढी विसरलेली नाही. अनोळखी हाताच्या गुदगुल्यांनी मूल किंचाळते, हे ज्याने लक्षात ठेवले त्याला कायद्यामागील तत्त्व वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. मुलाला जो हात आपला वाटतो तोच हात धीर देतो, आणि कोणता हात आपला हे ठरविण्याचा अधिकार मुलाचा आहे.

आजच्या काळात या प्रश्नाला एक नवे टोक फुटले आहे. २०२० नंतर महिनोगणती शाळा बंद राहिल्या. मुले पडद्यावरच्या चौकटींत दिसू लागली, आणि परत आली ती मुखपट्ट्या बांधून. त्या दिवसांत संगत आणि स्पर्श दोन्ही तुटले म्हणजे चेहरे कसे कोरे होतात, हे प्रत्येक शिक्षकाने पाहिले आहे. दुसरीकडे, चेहऱ्याचे छायाचित्र घेऊन मनातील भाव सांगतो असा दावा करणारी यंत्रे तयार झाली आहेत. युरोपीय संघाने २०२४ च्या कायद्याने शाळा व कामाच्या ठिकाणी अशा यंत्रांच्या वापरावर, वैद्यकीय व सुरक्षेची कारणे वगळता, बंदी घातली, आणि ती बंदी फेब्रुवारी २०२५ पासून अमलात आली. यंत्राला आपण मुलाच्या समोर आहोत हे कळत नाही. परंतु मुलाला मात्र यंत्र आपल्यासमोर आहे हे कळते. अर्स्किन यांची अडचण येथे दुणावलेल्या स्वरूपात पुन्हा उभी राहते.

अर्स्किन यांना निदान आपली अडचण कळली होती. आपल्या उपस्थितीने समोरचा चेहरा बदलतो, इतके त्यांनी कागदावर मांडले, आणि म्हणून खात्रीलायक निष्कर्ष काढण्याचे त्यांनी टाळले. दीडशे वर्षांपूर्वी एका परक्या साहेबाने दाखविलेला हा संयम, आपल्याच मुलांचे चेहरे वाचताना आपणही दाखवावयास हरकत नाही.